आठ लाल गोल

मी एक जुना लाकडी अणुफलक आहे आणि मित्रांनो, सध्या माझे डोके जरा फिरलेले आहे. ज्याने जन्मभर खरा हिशेब दाखवला, त्याच्याच तोंडी म्हातारपणी खोटे घातले, तर दुसरे काय होणार?

जन्मापासून सांगतो. या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या एक बाई होत्या, सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. अणूमध्ये इलेक्ट्रॉन कसे मांडलेले असतात, हे सांगून सांगून त्यांचा घसा बसला, तेव्हा त्यांनी सुताराकडून मला करवून घेतले. जाड चौकोनी फळी, मधोमध पितळेची गुंडी. ते अणुकेंद्र. भोवती चार वर्तुळे, म्हणजे कक्षा. पहिल्या कक्षेत दोन भोके, दुसरीत आठ, तिसरीत अठरा आणि चौथीत, फळी संपत आल्यामुळे, आठच. भोकात निळी खुंटी बसवली की बसला एक इलेक्ट्रॉन.

खरी गोम तिसऱ्या कक्षेत आहे. तिथे जागा अठरा असल्या तरी त्या एका दमात भरत नाहीत. आधी आठ भरतात. पुढचे दोन इलेक्ट्रॉन बाहेर चौथ्या कक्षेत जाऊन बसतात, कारण तिथल्या पहिल्या दोन जागा कमी ऊर्जेच्या असतात. त्यानंतरचे पुन्हा आत वळतात आणि उरलेल्या दहा जागा भरतात. एखाददुसरा हट्टी अणू सोडला, तर सगळे हाच क्रम पाळतात. म्हणून बाईंनी स्वतः ब्रश घेतला आणि तिसऱ्या कक्षेतल्या आठ भोकांभोवती लाल गोल काढले. मुले एका सुरात म्हणायची, "आत लाल आठ, बाहेर दोन, मग पुन्हा आत दहा!" खरा अणू असा सपाट नसतो आणि इलेक्ट्रॉन खुंट्यांसारखे गप्प बसत नाहीत, हे बाई पहिल्याच तासाला सांगून टाकत. तरीही माझ्यावाचून त्यांचे पान हलत नसे.

बाई निवृत्त झाल्या आणि मी कपाटामागे गेलो. त्याचेही फारसे वाईट वाटले नाही. धूळ काय, पुसली की जाते. माझे वाटोळे झाले ते माझे कौतुक सुरू झाल्यावर.

शाळेत विज्ञान प्रदर्शन ठरले आणि मुख्याध्यापकांना मी सापडलो. "छान वस्तू आहे! जरा चकचकीत करून घ्या," ते म्हणाले. रंगाऱ्याकडे बाकांचा हिरवा रंग उरला होता, तो त्याने मला फासला. भोके तेवढी मोकळी ठेवली, हेच उपकार. आठही लाल गोल हिरव्याखाली गडप झाले आणि माझी अठरा भोके एका माळेचे मणी दिसू लागली. मी आतल्या आत चरफडलो, पण लाकडाचे ऐकतो कोण?

माझ्याशेजारी उभे राहून माहिती सांगायला नववीतली एक मुलगी निवडली होती. वर्ग तिला कुरळी म्हणतो. एरवी तोंड न उघडणारी ही पोर इतकी हरखली होती, की घरी आईला समोर बसवून सराव करत होती. विज्ञानाच्या बाई रजेवर, म्हणून तिची तयारी गणिताच्या सरांकडे आली.

"पोटॅशियम लाव. एकोणीस इलेक्ट्रॉन," सर भर वर्गात म्हणाले.

कुरळीने दोन, आठ, आठ खुंट्या लावल्या आणि एकोणिसावी चौथ्या कक्षेत बसवली.

"अगं, आत दहा घरं रिकामी असताना बाहेर कुठे निघालीस? तिसऱ्या कक्षेत अठरा मावतात, सूत्रच आहे तसं. दोन, आठ, नऊ."

"पण सर, आधी आठच..."

"भोकं मोज की! फलकच सांगतोय."

फलकच सांगतोय! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी कधी सांगितले? माझे तोंड रंगवून बंद करायचे आणि वर साक्षही माझीच काढायची! वर्ग खो-खो हसला.

"पाहुण्यांसमोर असं लावलंस तर शाळेची शोभा होईल," सर म्हणाले. "आपण दुसऱ्या कोणाला तरी उभं करू."

कुरळीचे डोळे भरले, पण ती जागची हलली नाही. "सर, माझी आई याच शाळेत होती. ती म्हणते, यावर आठ लाल गोल होते."

"कुठे आहेत? मला तर सगळं हिरवंगार दिसतंय."

तिने नखाने खरवडले. रंगाचा पापुद्रा निघाला आणि खाली लाल रेघ दिसली. मग शेजारची. मग तिसरी. हसणे थांबले. सरांनी पाठ्यपुस्तक उघडले, पान काढले, बराच वेळ पाहिले.

"दोन, आठ, आठ, एक," ते म्हणाले. "माझंच चुकलं गं. तूच उभी राहा."

सुटलो, असे मला वाटते न वाटते तोच मुख्याध्यापक दारात. "हे कोणी खरवडलं? परवाच रंगवलाय! उद्या रंगारी येतोय, आणखी एक हात मारायला सांगतो."

"साहेब, याच्या खाली..." सरांनी सुरुवात केली, पण साहेब फुटक्या खिडकीबद्दल बोलत पुढच्या वर्गात पोचलेसुद्धा.

सर पुन्हा माझ्यापाशी आले. मग त्यांनी आपल्या कंपासपेटीतून कर्कटक काढले आणि कुरळीच्या हातात दिले. "धर. खोल कोर. आणि गोल गोलच आला पाहिजे."

मित्रांनो, दुखले. खोटे कशाला सांगू? ते टोक आठ वेळा माझ्या अंगात फिरले आणि मी हूं की चूं केले नाही.

दुसऱ्या दिवशी रंगारी आला आणि मी पुन्हा हिरवागार झालो. प्रदर्शनात पाहुणे म्हणाले, "वा, काय चकाकतोय!" कुरळी म्हणाली, "हो, पण इथे बोट फिरवून बघा ना." त्यांनी फिरवले. आठ खाचा त्यांच्या बोटाला लागल्या आणि तिने आईचे, मोठ्या बाईंचे, माझे सगळे सांगून टाकले.

तेव्हा जुन्या वस्तूंची काळजी जरूर घ्या. धूळ पुसा, खिळा ठोका, ऊन दाखवा. फक्त हातात ब्रश घेण्याआधी एवढे विचारा, की बाबा रे, तुझ्या अंगावर हे काय लिहिले आहे?

रंगारी पुढच्या वर्षीही येणार आहे म्हणे. येऊ दे.