आभार कशाचे, ते सांगा

मुकादम भाषणाला उभा राहिला आणि टाचणीनं हातातला चहाचा कप खाली ठेवला. ह्याचं भाषण ऐकत चहा घशाखाली उतरला नसता, इतका तिला राग होता.

टाचणी हे नाव तिला इस्पितळाच्या धुलाईखान्यानं दिलेलं. बाई बोचते म्हणून. का बोचते हे विचारायचे कष्ट कुणी घेतले नव्हते, पण नाव ठेवायला काय, जीभ उचलली की झालं.

आज मुकादम निवृत्त होत होता. घड्या घालायची लांब टेबलं भिंतीला सरकवून खुर्च्या मांडल्या होत्या. पुढच्या रांगेत साहेब, त्यांच्या शेजारी मुकादमाची बायको आणि मुलगी. माईक मधूनच कुंई करत होता.

“आईवडिलांच्या पुण्याईनं मी इथवर आलो,” मुकादम म्हणाला. मग बायकोचे आभार, मुलीचे आभार, साहेबांचे आभार. बॉयलरवाल्याचे, शिवणवालीचे, ड्रायव्हरचे. लोण्यासारखा आवाज. ऐकणाऱ्याला वाटावं, एवढा कृतज्ञ जीव उभ्या जन्मात पाहिला नाही. टाचणी मनात म्हणाली, वाट बाबा, वाट. फुकटचं आहे.

चौदा वर्षांपूर्वी हे दोघं इस्त्रीच्या मोठ्या गरम रोलरवर जोडीनं काम करत. ओल्या चादरीची दोन टोकं दोघांनी ताणून धरायची, उजवीकडच्यानं ‘हं’ म्हणायचं, की दोघांनी एकदम सोडायची. उजवीकडे तो, डावीकडे ही. त्या दुपारी तो मागे तोंड करून कुणाची तरी नक्कल करत होता. बोलण्याच्या नादात ‘हं’ म्हणायचंच विसरला आणि तसंच टोक रोलरला लावलं. चादरीबरोबर त्याची बाही आत गेली. टाचणीनं एका हातानं दांडी दाबून मशीन थांबवलं आणि दुसरा हात आत घालून त्याचा हात ओढून काढला. त्याला एक फोड आला. तिची दोन बोटं कायमची आखडली.

अहवालात आलं ते भलतंच. ‘डावीकडील कामगाराने इशाऱ्याआधी चादर सोडली.’ खाली सही त्याची. ती दवाखान्यात हाताला पट्ट्या बांधून पडलेली असताना हे उरकलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. पुढे तो मुकादम झाला आणि हिला मळक्या कपड्यांच्या खोलीत टाकलं, रक्ताच्या नि ओकारीच्या चादरी निवडायला.

आता मुकादमाची जागा रिकामी होत होती आणि नोकरीत सगळ्यांत जुनी तीच होती. साहेबांनी फाइल उघडून तिच्यापुढे सरकवली होती. “बाई, ही नोंद आहे तोवर माझे हात बांधलेले आहेत. साक्षीदारानं लेखी दिलं तर गोष्ट वेगळी.” साक्षीदार एकच. तिनं त्याला तीनदा गाठलं. पहिल्यांदा तो म्हणाला, बघू. दुसऱ्यांदा म्हणाला, जाता जाता जुनं कशाला उकरायचं? तिसऱ्यांदा तिला येताना पाहून बॉयलरच्या खोलीत शिरला. आणि परवा तो मुलीबरोबर परदेशी चालला होता, कायमचा.

“आणि शेवटी,” माईक जवळ ओढत तो म्हणाला, “आपली टाचणी. माझी मानलेली बहीण. तिनं एकदा मला मोठ्या संकटातून वाचवलं. तिच्या मायेची परतफेड मी करू शकत नाही.”

टाळ्या पडल्या. करू शकत नाही! करायची नाही असं म्हण की, मेल्या. एक ओळ लिहायची होती, तेवढीच परतफेड.

ती उठणार एवढ्यात मुकादमाची बायकोच लगबगीनं तिच्याकडे आली आणि तिचे दोन्ही हात धरले.

“चौदा वर्षं तुम्हाला भेटायचं म्हणतेय,” ती म्हणाली. “ह्यांचा हात शाबूत आहे तो तुमच्यामुळे. हे सांगतात ना घरी, की चूक माझी, मीच हं म्हणायचं विसरलो, आणि बोटं तिची गेली. मुलीला तर पाठ आहे सगळं.”

टाळ्या थांबल्या होत्या. साहेबांच्या हातातलं बिस्कीट तोंडाशीच राहिलं.

घरी सांगतो! टाचणीच्या डोक्यात अशी सणक गेली, की क्षणभर समोरचं दिसेना. म्हणजे घरी हा खरं बोलून मन हलकं करून घेत होता आणि सकाळी येऊन तिला मळक्या चादरी मोजून देत होता.

“दादा,” ती मोठ्यानं म्हणाली, “आभार कशाचे, ते सांगा.”

“अगं, आता सगळ्यांसमोर...”

“सगळ्यांसमोरच मानलेत ना आभार?”

बायकोनं एकदा तिच्या बोटांकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. “तुम्ही इथे सांगितलंच नाहीत?” तिचा आवाज चिरकला. “अहो, मी ह्या बाईला कोणत्या तोंडानं भेटायला आले?”

मुलगी मान खाली घालून बसली. मुकादम तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलला.

“माईकमध्ये,” बायको म्हणाली.

मग तो बोलला. चूक माझी होती, तिनं चादर आधी सोडली नव्हती, मी खोटी सही केली. तीन वाक्यं. साहेब घसा खाकरून म्हणाले, “बरं झालं, मनमोकळं झालं. आता पुढचा कार्यक्रम...”

“कागदावर,” टाचणी म्हणाली.

तिनं कार्यक्रमपत्रिका उलटी करून टेबलावर ठेवली आणि साहेबांच्या खिशातलं पेन न विचारता काढलं. मुकादमानं उभ्यानंच लिहिलं. एकेक शब्द ती वाचत होती. तिला वाटलं होतं, हे घडलं की राग उतरेल. कुठला उतरतोय! चौदा वर्षं वाया गेली ती चार ओळींसाठी, हे पाहून तो उलट वाढलाच.

सही करून त्यानं वर पाहिलं. डोळे भरले होते, आणि ते खरे होते. “आता तरी माफ केलंस ना गं?”

“तारीख राहिली,” ती म्हणाली.