पेटीतली तीन नावं

त्या साप्ताहिकाच्या कचेरीत दप्तरी एकच होता, आणि तो तिथं इतकी वर्षं होता की कुणाला सुटी हवी असली तर ते आधी त्याच्या कानावर घालत आणि मग संपादकबाईंच्या. जुने अंक, फोटो, वाचकांची पत्रं, सगळं त्याच्या ताब्यात. एकोणीस वर्षांचा हा ऐवज त्यानं आज सकाळी जुन्या संगणकातून नव्या पेटीत हलवला होता. पेटी म्हणजे दोन विटा शेजारी ठेवाव्यात एवढी काळी वस्तू. तारेनं जोडली की कचेरीतल्या कुठल्याही टेबलावरून तिच्यातलं सामान दिसायचं, मात्र ज्याच्या त्याच्या नावानं आणि परवलीच्या शब्दानं.

गुपित दोन ठिकाणी ठेवलं की ते गुपित राहत नाही, असा दप्तरीचा सिद्धांत होता. म्हणून नक्कल पुरी झाल्या झाल्या त्यानं जुन्या संगणकातली डिस्क काढली आणि मागच्या पायरीवर ठेवून हातोडीनं चेचली. पाच घाव घातले. तिसऱ्यातच तिचा निकाल लागला होता, पण अर्धवट काम त्याला खपत नसे.

जेवून आल्यावर तो पेटीत नावं घालायला बसला. इथं बाईंचा एक जुना नियम होता. नाव माणसाचं नाही द्यायचं, टेबलाचं द्यायचं. "माणसं जातात, टेबलं राहतात," असं त्या प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत, आणि नवा माणूस त्याच दिवसापासून दुसरी नोकरी शोधायला लागे. दप्तरीनं 'फोटो' घातलं, पेटीनं घेतलं. 'प्रूफ' घातलं, घेतलं. मग बातम्यांच्या टेबलासाठी 'न्यूज' घातलं, तर पेटीनं लाल अक्षरांत कळवलं की हे नाव आधीच वापरात आहे.

आपली बोटं चुकली असतील म्हणून त्यानं पुन्हा घातलं. पुन्हा तेच. बरं, ते राहू दे, म्हणून त्यानं पत्रव्यवहाराचं 'मेल' घातलं. वापरात आहे. क्रीडा आणि शब्दकोडं सांभाळणाऱ्या टेबलाचं 'गेम्स' घातलं. तेही वापरात आहे.

पेटी कालच खोक्यातून निघाली होती. खोक्याची चिकटपट्टी त्यानं स्वतः कापली होती. मग आत कोण राहत होतं?

त्यानं पेटीतल्या नावांची यादी उघडली. ती तीन नावं यादीत नव्हती. दोनदा वरून खाली पाहिली, एकदा खालून वर. पेटी म्हणत होती, माणसं आहेत. यादी म्हणत होती, नाहीत. म्हणजे लपून बसलेत. आणि टेबलं तरी कशी हेरून निवडलीत बघा. न्यूजमधून बातम्या उचलायच्या, मेलमधून पत्रं वाचायची. गेम्स कशाला, हे काही वेळ उलगडेना. मग वाटलं, चोर झाला तरी माणूसच, त्यालाही विरंगुळा लागत असेल.

विनोद सुचला म्हणून भीती गेली असं झालं नाही. पत्रांमध्ये एका परिचारिकेचं पत्र होतं. रुग्णालयात मुदत संपलेली औषधं वापरतात, असं तिनं सही करून कळवलं होतं, आणि माझं नाव बाहेर गेलं तर माझी धडगत नाही, असंही. ते नाव बाहेर जाणार नाही, असा शब्द दप्तरीनं तिला या खोलीत, याच खुर्चीवरून दिला होता.

त्यानं पेटीला कचेरीशी जोडणारी तार उपटली. तरी दिवा लुकलुकतच राहिला, जणू आतले लोक म्हणत होते, आम्हाला काय त्याचं. पेटीच्या पाठीला एक बारीक भोक होतं. पुस्तिकेत लिहिलं होतं, त्यात टाचणी घालून दहा आकडे मोजेपर्यंत दाबून धरा, पेटी पहिल्यासारखी कोरी होईल. आतले चोर जातील. एकोणीस वर्षंही जातील. मागच्या पायरीवर आता फक्त चुरा होता.

त्यानं टाचणी घेतली. घामानं ती बोटातून दोनदा निसटली. तिसऱ्यांदा भोकाशी नेली आणि तशीच धरून, डाव्या हातानं त्यानं मेहुणीला फोन लावला. बायकोची ही धाकटी बहीण एका मोठ्या कारखान्यात असल्याच पेट्या सांभाळायची. त्यानं धापा टाकत सगळं सांगितलं.

"भावजी, टाचणी कुठं आहे आत्ता?"

"भोकाशी."

"ती आधी टेबलावर ठेवा. ठेवलीत? तुमचं काही खरं नाही. ताईला सांगू का मी?"

मग तिनं समजावलं. ती तीन नावं म्हणजे पेटीची घरचीच मंडळी, ती बनली तिथूनच तिच्याबरोबर आलेली. फार पूर्वी मोठ्या यंत्रांवर बातम्या वाटायला एक, टपालाला एक, खेळांना एक, अशी नावं राखून ठेवत. कामं गेली, नावं राहिली. त्यांना परवलीचा शब्द नाही की आत यायला दार नाही, आणि ती यादीत दाखवतही नाहीत. नावापुढे 'टेबल' जोडा आणि गप घाला.

बाईंचा नियम यंत्रांनाही लागू असल्याचं ऐकून दप्तरीला जरा बरं वाटलं. त्यानं तार जोडली. 'न्यूजटेबल' गेलं. 'मेलटेबल', 'गेम्सटेबल' गेलं. शेवटचं त्याचं स्वतःचं, 'दप्तर'.

हे नाव आधीच वापरात आहे.

त्यानं फोनवर वाचून दाखवलं. मेहुणीनं या वेळी थट्टा केली नाही.

"भावजी, हे नाव पेटीचं नाही. हे कुणीतरी घातलंय."

परिचारिकेचा चेहरा दप्तरीच्या डोळ्यांपुढे आला. टाचणी कधी हातात परत आली ते त्याला कळलंच नाही.

"यादीत बघा. आहे का?"

होतं. सगळ्यांत वर. भेदरलेला माणूस यादीत जे नाही तेवढंच शोधतो.

"कधी घातलंय?"

"आज. सकाळी नऊ चाळीस."

"तेव्हा कचेरीत कोण कोण होतं?"

दप्तरीनं आठवून पाहिलं. दार त्यानं उघडलं होतं. पेटी त्यानं सुरू केली होती. पेटीनं मालकाचं नाव विचारलं होतं आणि त्यानं ते दिलं होतं.

"मी," तो म्हणाला.

"मग सापडला की," मेहुणी म्हणाली आणि फोन ठेवला.

पेटीच्या पाठीवर, भोकाच्या कडेला, टाचणीचा एक बारीक ओरखडा उमटला होता. केसाइतकाच.

संपादकबाई आत आल्या आणि झालं का म्हणाल्या. झालं, पण अशीच आणखी एक पेटी लागेल, यातलं सगळं तिच्यात उतरवून वेगळ्या खोलीत ठेवायला, असं तो म्हणाला. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. गुपित दोन ठिकाणी नको म्हणणारा तूच ना, असं त्यांनी विचारलं. मग म्हणाल्या, "कुणापासून जपायचंय एवढं?"

"माझ्यापासून," दप्तरी म्हणाला.

बाईंना ही थट्टा वाटली. त्यांना दोन कागद एकत्र टाचायचे होते, म्हणून त्यांनी त्याच्या हातातली टाचणी मागितली. त्यानं ती दिली, पण बोटं सुटायला जरा वेळ लागला.