अक्रोडाने पांघरलेली घोंगडी

मी एक जुनी घोंगडी आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. तुमच्या घरातल्या मऊ मऊ रजया माझ्यापुढे कालच्या पोरी आहेत. अ‍ॅटलासच्या डोंगरात, जिथे ढग गावाच्या खाली राहतात आणि पाऊस वर चढायचा कंटाळा करतो, तिथे माझा जन्म झाला. सात मेंढ्यांची लोकर, एक अख्खा हिवाळा आणि तूदाची दहा बोटं, एवढ्यांनी मिळून मला घडवलं. तूदाचं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं. मागावर बसली की ती गुणगुणायची आणि कोणी आलं की लाजून थांबायची. ते अर्धवट गाणं अजून माझ्या विणीत कुठेतरी आहे, असं मला वाटतं.

तिने मला एक टोकदार टोपीही शिवली आणि नवऱ्याच्या, बासूच्या, खांद्यांवर घातलं.

"टोचते गं," बासू म्हणाला.

"टोचणारच. मी विणलीय ना!"

त्यानंतर किती वर्षं गेली, कोण जाणे. मी बासूबरोबर मेंढ्यांमागे खिंडीखिंडीतून हिंडले. त्याच्या डोक्यावरून चांदण्या सरकताना पाहिल्या. बाजारात बायका मला बोटांत धरून म्हणायच्या, "काय वीण आहे, बाई!" मी अशी फुगायचे की बासूला खांदे जड वाटत असतील.

मग त्याचे गुडघे बोलू लागले. मुली लग्न होऊन खालच्या खोऱ्यात गेल्या होत्या. बासूने मेंढ्या विकल्या आणि अंगणात अक्रोडाचं एक रोप लावलं. शेजारच्या भिंतीवरून रब्हाने लगेच मान वर काढली. रब्हाची जीभ म्हणजे नवी कात्री.

"बासूदादा, अक्रोड लावतोस होय? फळ धरायला दहा-बारा वर्षं लागतील. दात राहतील का तोवर?"

"दात नसले तर नाक आहे. नुसता वास घेईन!"

बासू त्या रोपाला मेंढीच्या कोकरासारखं जपायचा. थंडीत पाट बंद झाला, की गावातली माणसं झाडांकडे बघतसुद्धा नसत. झाडं झोपली, आपण कशाला जागायचं? पण आमच्याकडची थंडी कोरडी. बर्फ आलं तर आलं, नाही तर जमीन भाकरीसारखी कडक. म्हणून बासू पंधरा दिवसांनी, ऊन असेल त्या दुपारी, झऱ्यावरून दोन घागरी आणायचा आणि बुंध्यापासून लांब, फांद्या जिथे संपतात तिथे गोल ओतायचा.

"झोपलेल्याला पाणी पाजतोस?" रब्हा हसायची.

"झोपलेल्यालाही तहान लागते, रब्हा. मी नाही का उठत रात्री दोनदा?"

खोडालाही तो बोरूच्या काड्यांची चटई गुंडाळायचा. आमच्याकडे झाडाला नुसती थंडी मारत नाही, मित्रांनो. दुपारचं ऊन कोवळी साल तापवतं, आणि सूर्य डोंगराआड गेला की तीच साल क्षणात गोठून तडकते.

अक्रोडाची पानं तिसऱ्यांदा गळत होती, तेव्हा बासू गेला.

मला खुंटीवर टांगलं. तूदा माझ्याकडे बघायची नाही. मीही भिंतीकडे तोंड करून राहिले. मग पहिलं मोठं दव गोठलं त्या सकाळी तिने बोरूची चटई काढली, तर तिचा भुगा झालेला. ती बराच वेळ अंगणात उभी राहिली. नंतर आत आली, मला उचललं आणि त्या अक्रोडाभोवती गुंडाळलं. वर टोपी नीट बसवली, बकरीच्या केसांच्या दोराने तीन ठिकाणी करकचून बांधलं.

"अगं बाई! झाडाला कपडे?" रब्हा भिंतीवर हजर. "उद्या जोडे घालशील!"

"घालीन की. तुझ्या नवऱ्याचे देतेस?"

बासू गेल्यापासून तूदा पहिल्यांदाच असं बोलली. रब्हासुद्धा हसता हसता डोळे पुसत खाली उतरली.

तो हिवाळा माझ्या आयुष्यातला सर्वांत गोड. माझ्या पोटाशी झाड झोपलेलं, पाठीवर ऊन. तूदा न चुकता घागरी आणायची. रब्हाचं सफरचंदाचं झाड उन्हाच्या अंगाने उभं फाटलं, आमच्या अक्रोडाला ओरखडाही नाही. पालवी फुटली आणि माझं काम संपलं.

पण तूदाने मला सोडलं नाही.

संध्याकाळी उजेड विरघळायला लागला, की टोपी घातलेलं ते झाड अगदी बासूसारखं दिसायचं. थोडा वाकलेला, घराकडे बघणारा. तूदा उंबऱ्यावर बसून पुदिन्याचा चहा दोन पेल्यांत ओतायची आणि दिवसभराचं सगळं सांगायची. झाड पान हलवायचं. खरं सांगते, मलाही ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, मी पुन्हा बासूच्या खांद्यावर आहे असंच मला वाटायचं.

उन्हाळा गेला, दुसरा हिवाळा गेला, पुन्हा पालवी आली. झाड जाड होत होतं, पण दोर काही वाढत नव्हता. वळवाच्या सरीने मी भिजले ती आतून वाळलेच नाही. मग मला एक आवाज ऐकू येऊ लागला, अगदी बारीक, कुरतडल्यासारखा. माझ्याखाली, सालीच्या आत, अळ्या लागल्या होत्या. ज्याला मी ऊब देत होते, त्याचाच गळा मी आवळत होते. ओरडावंसं वाटलं. पण घोंगडीला तोंड कुठे असतं?

पानं लहान आणि पिवळी निघाली. तूदा घाबरली आणि रोज पाणी घालू लागली. अति तेथे माती, म्हणतात ना, तसंच झालं. झाड आणखी मलूल झालं.

एक दिवस रब्हा भिंतीवरून नाही, दारातून आली. "तूदा, झाड मरतंय."

"थकलंय जरा."

"मरतंय, तूदा." आणि ती कलमं करणाऱ्या मूहाला घेऊन आली.

मूहाने वाकून दोराखाली बोट घालून पाहिलं. बोट शिरलंच नाही. "लल्ला तूदा," तो आदराने म्हणाला, "हे काढायला हवं. आजच."

"हात लावू नकोस!" तूदा आडवी उभी राहिली. "माझ्या माणसाची आहे ती! त्याच्या अंगावरची काढायला आलास?"

मूहाने हात मागे घेतला. "म्हणूनच मी काढणार नाही. तुम्ही काढा. पण हे झाड त्याने लावलंय, एवढं लक्षात ठेवा. त्याला श्वास घ्यायला जागा नाही."

मूहा आणि रब्हा उंबऱ्यावर जाऊन बसले. तूदाने चहा केला नाही, त्यांनी मागितला नाही. ऊन भिंतीवरून उतरलं तेव्हा ती झाडाजवळ आली. दोन गाठी सुरीने कापल्या, तिसरी दातांनी सोडवली. मी खाली घसरले. खोडावर दोराची तीन वळं खोल रुतली होती, आणि एका अंगाची साल काळी, ओली झाली होती. तिने तिथे कपाळ टेकवलं आणि ढसाढसा रडली. "मी तुला धरून बसले रे," ती म्हणत होती, "आणि हे मरत होतं." रब्हाने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तीही रडली.

मग मूहाने अळ्या टोकरून काढल्या, सडलेली साल खरवडली, जखम वाऱ्याला उघडी ठेवली. एक फांदी गेली ती गेलीच.

मला आता पेटीत ठेवतील, असं मला वाटलं. पण तूदाने मला फाडलं. खोडापासून वीतभर लांब, मुळांवरच्या मातीवर गोल अंथरलं आणि वर दगड ठेवले. माझ्याखाली ओल टिकते, माती तापत नाही.

"अगं, नवऱ्याची घोंगडी मातीत घालतेस?" रब्हाने विचारलं.

"तोही मातीतच आहे की," तूदा म्हणाली.

आता मी असते आणि नसते. गांडुळं माझ्यातून ये-जा करतात. अक्रोडाची केसासारखी मुळं माझ्या विणीत शिरली आहेत. हिवाळा आला की तूदा खोडाला बोरूची नवी चटई सैलसर गुंडाळते, दुपारी घागरी आणते, आणि वर पालवी पोपटी हसते आहे असं मला झोपेत कळतं.

मित्रांनो, तुमच्या दारातल्या झाडाला जपा. कोरड्या थंडीत त्याला पाणी द्या, कोवळ्या खोडाला पांघरूण घाला. पण पालवी फुटली की गाठ सोडा. सुरीने जमलं नाही तर दातांनी सोडा. तूदाने तशीच सोडली होती.