सोनदात्याचे नाव

आर्डोने टीव्हीची वायर भिंतीतून उपटली, तेव्हा चीनने कुठल्याशा बंदरात किती जहाजे आणली याची चर्चा अर्ध्यावरच राहिली.

"अगं, बातम्या चालू होत्या," बिही म्हणाला.

"बातमी सकाळी आपल्या दारात घडून गेली. ती बघितली का कुणी?"

आर्डोच्या चहाच्या दुकानात खिडकीजवळच्या टेबलावर नेहमीची माणसे होती. टॅक्सी चालवणारा बिही होता. म्हातारे मास्तर होते, ज्यांनी पूर्वी सोमालियात किसमायोच्या शाळेत भूगोल शिकवला होता. मास्तरांचा पुतण्या गेद्दी ट्रक चालवायचा. तो बसलेलाच नव्हता, उभ्यानेच फोनवर कुणाशी तरी वाद घालत होता. चौथी खुर्ची रिकामी होती. तिच्यावर बसणाऱ्या माणसाला सकाळी दुकानासमोरच्या फुटपाथवरून तोंडे झाकलेल्या सहा जणांनी उचलून नेले होते. त्याने खिशातून आपले ग्रीन कार्ड काढून दाखवलेही होते. एकाने ते घेतले, न वाचता स्वतःच्या खिशात टाकले, आणि त्याला बर्फावर पालथा पाडून पाठीवर गुडघा रोवला. आर्डो हातातल्या किटलीसकट दारापर्यंत धावली, तोवर नंबराची पाटी नसलेली ती गाडी कोपऱ्यावरून वळलीसुद्धा होती.

आता दुपार झाली होती, आणि सगळे घोडे एकाच ठिकाणी अडले होते. त्या माणसाचे नाव कुणालाच माहीत नव्हते.

सगळे त्याला सोनदात्या म्हणायचे. पुढचा एक दात सोन्याचा, म्हणून सोनदात्या. यात वावगे काहीच नव्हते. मिनियापोलिसच्या त्या गल्लीत एक लंगड्या होता, दोन सुपकान्ये होते, एक टकल्या होता, आणि आईबापांनी दिलेले नाव फक्त सरकारी खिडकीपाशी वापरायचे असते असेच सगळे धरून चालत. मशिदीच्या शेखांना गेद्दीने सकाळीच फोन केला होता. "सोनदात्या ना? काल तर पहिल्या रांगेत होता," ते म्हणाले. त्यापुढचे त्यांनाही ठाऊक नव्हते. तो काम करायचा त्या गोदामाचा फोन यंत्र उचलत होते आणि कामगाराचा क्रमांक मागत होते. त्याच्या खोलीतला सोबती ओहायोला गेला होता आणि त्याचा फोन बंद होता. आईला पैसे पाठवायला तो ज्या हवालावाल्याकडे जायचा, ते दुकान सरकारने स्थलांतरितांची धरपकड सुरू केल्यापासून उघडलेच नव्हते. आणि या चौघांच्याही फोनमध्ये त्याचा नंबर सोनदात्या म्हणूनच होता.

"इफ्राला काय सांगू मी?" आर्डो म्हणाली. "ती पोर आपली सुट्टी सोडून कोर्टाच्या दारात बसलीय. तिला सांगू, एक सोनेरी दात हरवलाय, शोधून दे?"

इफ्रा शेजारच्या कापडवाल्याची मुलगी. इथेच जन्मलेली, इथेच वकील झालेली. तिने सकाळपासून तीनदा फोन करून तेच सांगितले होते. संध्याकाळचे विमान त्या लोकांना दक्षिणेकडे नेते. तिथून दुसऱ्या विमानात बसवतात, आणि ते कुठल्या देशात उतरेल ते चढणाऱ्यालाही सांगत नाहीत. तो इथे आहे तोवरच इथल्या न्यायाधीशाला त्याला थांबवता येईल. पण त्यासाठी पूर्ण नाव हवे. त्याचे, बापाचे, आजोबाचे.

"आणि जन्मतारीख?" आर्डोने विचारले होते.

"ती राहू द्या आत्या. एक जानेवारी असणार."

ते खरेच होते. निर्वासितांच्या छावणीत ज्याला जन्मतारीख सांगता आली नाही, त्याला कारकुनाने एक जानेवारी देऊन टाकली होती. आर्डो एक जानेवारीची होती, बिही एक जानेवारीचा होता, अर्धी गल्ली एकाच दिवशी जन्माला आली होती. म्हणूनच नुसत्या एका नावावर भागणार नव्हते. नाव अर्धवट दिले की यंत्रातून चाळीस माणसे बाहेर येत, सगळी एक जानेवारीची.

गल्ल्यावरचा फोन वाजला. आर्डोने झडप घातली. पलीकडून यंत्रातली बाई बोलत होती, अगदी गोड आवाजात. अटक केंद्रातून एक जण आपल्याशी बोलू इच्छितो. त्याचे नाव असे आहे. मग क्षणभर खरखर झाली आणि नाव सांगायला ठेवलेल्या त्या जागेत एक घाबरलेला पुरुषी आवाज आला.

"सोनदात्या."

फोन घ्यायचा असेल तर एक दाबा. आर्डोने एक दाबला. बाई म्हणाली, आपल्या क्रमांकावर ही सोय नाही. फोन बंद झाला.

आर्डोने कपाळावर हात मारला. आयुष्यात एकदाच त्या माणसाला कुणीतरी नाव विचारले होते, नीट, थांबून, आणि त्या भल्या माणसाने सोनदात्या सांगितले. का, तर आपली माणसे ओळखणार नाहीत म्हणून. तिला रडू येत होते, आणि त्याहून जास्त राग येत होता.

"एकेकाळी या अमेरिकेचं जहाज नुसतं क्षितिजावर दिसलं तरी आख्खं मोगादिशू दिवे मालवायचं," बिही म्हणाला. "आता गोदामातला एक हमाल उचलायला सहा जण लागतात. तेसुद्धा तोंड झाकून."

"बिही, गप्प बस."

"मी आपलं म्हणतो. महासत्ता अशी असते का? बाहेर कुणी भाव देत नाही, म्हणून घरातल्या माणसांवर हात उचलायचा. माझा एक काका असाच होता."

"तू तुझ्या काकाला आणि महासत्तेला घेऊन टॅक्सीत जाऊन बस. रोज इथे बसून आख्खं जग चालवता रे तुम्ही. तुर्कांनी काय बांधलं, चिन्यांनी काय विकत घेतलं, डॉलर कधी पडणार, सगळं तोंडपाठ. आणि शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाचं नाव? ते नाही." आर्डो मास्तरांकडे वळली. "आणि तुम्ही हो मास्तर? आज का तोंडाला कुलूप? तुमचंच खरं झालं ना?"

त्या टेबलावरचे खरे भांडण मास्तर आणि सोनदात्याचे असायचे. मास्तर म्हणायचे, हा देश संपला, वाळवी लागली याला. सोनदात्या म्हणायचा, अनवाणी आलेल्या माणसाला जो देश बूट देतो तो बुडत नाही. मास्तर म्हणायचे, ते बूट चीनमध्ये शिवलेले होते गाढवा. मग दोघे टेबलावर हात आपटायचे, चहा सांडायचा आणि आर्डो फडके घेऊन धावायची. रोज. ईदच्या दिवशीसुद्धा. आज मात्र मास्तर सकाळपासून थंड झालेल्या चहावरची साय चमच्याने बाजूला करत बसले होते.

गेद्दीने फोन टेबलावर टाकला. त्याचे डोळे लाल झाले होते. मागच्या हिवाळ्यात त्याचा ट्रक बर्फावर उलटला, तेव्हा सोनदात्या परक्या गावातल्या दवाखान्यात जाऊन राहिला होता, त्याला चमच्याने भरवले होते. गेद्दीची पोरे त्याला काकाच म्हणत.

"त्याच्या आईचा नंबर तरी असेल कुणाकडे," तो म्हणाला. "तो कुठला होता हो? कुणाचा होता? कधी बोलला नाही."

"इथे तसं विचारत नाहीत," आर्डो म्हणाली आणि तिचे तिलाच ते टोचले. नियम तिचाच होता. दुकान उघडले तेव्हाच तिने बजावले होते की इथे अमेरिकेवर भांडा, फुटबॉलवर भांडा, बायकांच्या तक्रारी करा. पण कुणी कुणाचे कूळ विचारायचे नाही. तिकडे कुळे विचारून विचारून काय झाले ते सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. नियम चांगला होता. गिऱ्हाईक टिकले होते, कुणाचे डोके फुटले नव्हते. आज त्याच नियमाने घात केला होता.

"नाव मला माहीत आहे," मास्तर म्हणाले.

आर्डोला क्षणभर वाटले, हातातली किटली या म्हाताऱ्याच्या डोक्यात घालावी.

"कधीपासून?"

"तो पहिल्यांदा आला त्या दिवसापासून."

"आणि सकाळपासून गप्प बसलात? इथे हा पोरगा दारोदार फोन करतोय, आणि तुम्ही साय काढताय?"

मास्तरांनी चमचा खाली ठेवला. "त्या दिवशी टेबलावर मी एकटाच होतो. त्याने हात पुढे केला, रीतीने नाव सांगितलं. त्याचं, बापाचं, आजोबाचं. चेहरा बापाचाच होता, मला नाव ऐकायचीही गरज नव्हती. तेवढ्यात गेद्दी दारात बूट झटकत होता. तो टेबलापाशी आल्यावर मी म्हटलं, ये, हा बघ आपला नवा गडी, सोनदात्या. तो हसला. त्याला वाटलं, म्हातारा मजेशीर दिसतोय. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही सगळे तेच म्हणायला लागलात."

"माझ्यापासून कशाला लपवायचं?" गेद्दी म्हणाला.

मास्तर त्याच्याकडे बघत नव्हते. "किसमायोत सोनदात्याच्या बापाची, हिर्सीची, पिठाची गिरणी होती. आणि ट्रक होते."

बिहीने हळूच आपली खुर्ची मागे घेतली. गेद्दी जिथे होता तिथेच उभा राहिला. त्याच्या बापाला युद्धात घरासमोरून ट्रकमध्ये घालून नेले होते आणि तो परत आला नव्हता, एवढे आर्डोला माहीत होते. कुणाचा ट्रक, ते तिने विचारले नव्हते.

"सोनदात्या तेव्हा शेंबडं पोर होता, तुझ्यासारखाच," मास्तर म्हणाले. "तू कुणाचा ते त्याला अजून ठाऊक नाही. मी नाव घेतलं असतं तर तुला काहीतरी करावं लागलं असतं. माझा भाऊ गेला, त्याच्यापायी तू तुरुंगात. मला नको होतं ते. पण त्याच्यासमोर नुसतं गप्प बसून चहा पिणंही जमेना. म्हणून अमेरिकेवर भांडलो. मला अमेरिकेचं काय घेणं आहे?"

फोन पुन्हा वाजला. इफ्रा होती. आर्डोने आवाज मोठा करून फोन टेबलाच्या मधोमध ठेवला.

"आत्या, त्यांना गाडीत बसवायला लागलेत. मिळालं का?"

"मिळालं. सांगा मास्तर."

"मुरसल," मास्तर म्हणाले. "मुरसल हिर्सी."

"आणि आजोबा?"

मास्तरांचे ओठ हलले. पुन्हा हलले. त्यांनी डोळे मिटले, कपाळ चोळले. "एकदाच ऐकलं होतं," ते म्हणाले. "मग विसरायचाच प्रयत्न केला. आठवत नाही."

"मुरसल हिर्सी नावाचे नऊ दिसतायत मला," इफ्रा म्हणाली. "सगळे एक जानेवारी. आजोबा सांगा, लवकर."

गेद्दीने खुर्चीवरचा कोट उचलून अंगात घातला आणि तो दाराकडे चालू लागला. आर्डोने त्याला अडवले नाही. कुठल्या तोंडाने अडवणार? दारापाशी जाऊन तो थांबला. काचेबाहेर फुटपाथवरचा बर्फ सकाळी तुडवला होता तसाच होता. त्याने दाराच्या मुठीवर हात ठेवला, मग काढला.

"फाराह," तो दाराकडे तोंड करूनच म्हणाला.

"कोण बोललं? मोठ्याने सांगा."

तो परत आला, टेबलावर वाकला आणि एकेक नाव सुटे करून बोलला. "मुरसल. हिर्सी. फाराह. पणजोबा शिरे. पुढचे हवेत?"

"नको, सापडला," इफ्रा म्हणाली. बटणांचा आवाज येत होता. "नक्की ना हेच? चूक झाली तर भलताच माणूस सुटेल."

"नक्की. आईने पाठ करून घेतलेत."

आई पोराकडून बापाच्या वाडवडिलांची नावे घोकून घेते. दुसऱ्याच्या वाडवडिलांची घोकून घ्यायला एकच कारण असते, उरलेला हिशोब. ते या टेबलावर सगळ्यांना समजले. इफ्राला समजले नाही. ती इथे जन्मली होती.

"म्हणजे तुम्ही घरचेच की," ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच जरा सैल झाला. "बरं झालं. अर्ज घरच्याच माणसाच्या नावाने टाकते. नातं काय लिहू?"

मास्तरांनी मान खाली घातली होती. गेद्दी रिकाम्या खुर्चीची पाठ धरून उभा होता.

"काय लिहायचं ते लिही," तो वैतागून म्हणाला. "आधी त्याला त्या गाडीतून उतरव."