चहा संपेपर्यंत

रेझिस्टरवरचा तिसरा पट्टा नखाच्या कडेइतका बारीक होता, आणि सकाळी रेझिस्टर बसवताना थोरलीला तो हिरवा दिसला होता.

दोघी जावा मिळून अँप्लिफायर दुरुस्तीचं दुकान चालवत. बटण बंद केलं की आधी चहा, मग आत हात, हा नियम थोरलीचाच. वीज तोडली तरी मोठा कपॅसिटर आपला साठा धरून बसतो. त्याच्या टोकांना जोडलेला रेझिस्टर तो हळूहळू रिता करतो. कप संपेपर्यंत तेवढं काम होऊन जाई.

आज कप संपला, धाकटीने हात घातला आणि किंचाळून स्टुलासकट मागे गेली.

"मेली माझीच घाई!" पोळलेलं बोट नळाखाली धरत ती म्हणाली. "चहा घटाघटा प्यायले. तुमचे दीर म्हणतात ते खरंय, माझी जीभ पत्र्याची आहे."

थोरलीने कपॅसिटर स्वतः रिता केला, रेझिस्टरचं एक टोक सोडवलं आणि मीटर लावला. आकडा हवा त्याच्या दहापट आला. पट्टा निळा होता; त्या एका रंगाच्या फरकाने रोध दहापट होतो. एवढ्या रोधातून साठा उतरायला किटलीभर चहाही पुरला नसता.

गेले काही महिने प्रत्येक रेझिस्टर ती गुपचूप मोजूनच लावायची. डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला होता. घरी मात्र तिने 'चष्म्याचा नंबर वाढलाय' एवढ्यावर भागवलं होतं. आज सकाळी धाकटी शेजारी बसली होती. रंग तोंडपाठ असलेल्या बाईने तिच्यासमोर मीटर कसा काढायचा?

"मीटर कशाला, ताई?" धाकटीने आता नळ बंद केला. "तुमचा रंग कधी चुकलाय?"

थोरलीची मान खाली गेली. योग्य रेझिस्टर खणात होता. आत्ता बदलला असता तर कुणाला पत्ताही लागला नसता.

धाकटीने ओलं बोट पदराला पुसलं आणि पुन्हा कप भरला. "दुधाने पोळलेला ताक फुंकून पितो. मी आपला चहाच फुंकते. या खेपेला अगदी सावकाश, बघा."

ती खरंच फुंकर घालू लागली. थोरलीला ते बघवेना.

"ठेव तो कप. घाई तुझी नव्हती, रेझिस्टर मी चुकीचा लावला. मला हिरवा-निळा ओळखू येत नाही गं. मोतीबिंदू आहे. ऑपरेशन करून घेते मी. आणि तोवर या टेबलावरचे रंग तू वाचायचे."