मागचा माणूस

पंप पुन्हा वाजायला लागला. सायकलच्या आडव्या नळीला तो दोन सुतळ्यांनी बांधलेला, पण चांदवडपासून रस्ता उखडलेला, त्यामुळे दर खड्ड्याला ठक्, आणि झुंबरच्या उजव्या गुडघ्यात आतून एक कळ — आधी आवाज मग कळ, की आधी कळ... तासाभरापासून तो हेच ठरवत होता. थांबून सुतळी आवळायला अर्धं मिनिटही लागलं नसतं. पण थांबलं की पुढे चाललेली संजना वळून बघणार, ‘काय झालं काका?’ म्हणणार, आणि तिचं तोंड समोरून बघायचं आज त्याच्या जिवावर आलं होतं. पाठमोरी होती तेच बरं होतं.

वारा सकाळपासून तोंडावर. नाशिक रोड सोडलं तेव्हा थंडीने बोटं वाकत नव्हती, आता घामाने बनियन पाठीला चिकटलेलं, आणि सटाण्याचा मुक्काम अजून पस्तीस-चाळीस किलोमीटर. पाच जणांची ही टोळी दर जानेवारीत सायकली घेऊन कुठे ना कुठे निघायची, यंदा सुरत. महेश आणि बाकीचे दोघे कधीच दिसेनासे झाले होते. कांद्याने भरलेले ट्रॅक्टर देवळ्याच्या बाजाराकडे धडधडत जात, धूळ आणि सालपटं अंगावर उडवत, आणि त्या धुळीत तो, पायडल मारणारा बावन्न वर्षांचा स्टोअरकीपर. सिन्नरच्या कारखान्यात नटबोल्ट मोजणारा. त्याला कुणी सांगितलं होतं हे!

टोळीचा कायदा एकच होता. ज्याच्याकडे पंप तो सगळ्यांच्या मागे. कुणी पंक्चर झाला, कुणी दमला, कुणी नुसता लघवीला थांबला, तरी पंपवाल्याने थांबायचं. त्याच्या मागे टोळीतलं कुणीही राहता कामा नये. बारा वर्षं पंप झुंबरकडे होता. त्याने मागितला नव्हता, पहिल्या वर्षी कुणीतरी हातात दिला आणि मग तो त्याचाच झाला, घरातली नावडती कामं एकाच्या गळ्यात पडतात तसा. आणि बारा वर्षं तो मोतीरामच्या मागे होता, कारण शेवटून दुसरा नेहमी मोतीरामच असायचा. संजनाचा बाप. झुंबरच्याच कॉलनीतला, समोरच्या बिल्डिंगीतला, चेन सारखी करायला दर मैलाला उतरणारा, उतरला की तंबाखू मळत बसणारा, आणि वर, ‘तू आहेस ना रे मागं, मग मला कशाची घाई!’

मागच्या जानेवारीत, आता पुढे येणाऱ्या याच घाटात मोतीराम गेला. हृदयविकार. चढ संपतो तिथे, बांधाच्या कठड्याला टेकून बसल्या बसल्या. आणि झुंबर पलीकडे खाली उतरून सगळ्यांबरोबर चहा पीत होता. तू पुढे कसा, असं महेशने विचारलं तेव्हा झुंबरच्या तोंडून निघून गेलं — ‘तोच म्हणाला, तू हो पुढं, मी आलोच.’ ठरवून नाही. जीभ आपोआप वळली. तेराव्यापर्यंत ते वाक्य कॉलनीभर झालं. सुमनबाई, मोतीरामची बायको, भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला डोळ्यांना पदर लावून सांगायची, जातानासुद्धा कुणाचा खोळंबा केला नाही हो त्यांनी. झुंबर तिथेच सतरंजीवर बसलेला असायचा. मान हलवायचा.

मोतीराम असं काही म्हणालाच नव्हता.

घाटाच्या पायथ्याशी टपरी आली. संजना उतरली होती. बापाचीच सायकल, सीट तेवढी खाली घेतलेली. टपरीवाली नवसाबाई आल्याचा तुकडा ठेचता ठेचता म्हणाली, “लय वारं हाय आज. पोरीला कशापायी दमवता, दादा? जीपमधी टाका की सायकल.”

“मीच आलेय हट्टानं, मावशी,” संजना म्हणाली. “हे नको म्हणत होते.”

नको म्हणत होते, खरं होतं. महिनाभर तो महेशच्या मागे लागला होता, मुलीची जात, लांबचा पल्ला, सुमनबाई एकटी... कारणं काय, शोधली की सापडतात. खरं कारण एवढंच की ही मुलगी घाटात थांबणार आणि विचारणार. त्याने चहाचा अर्धा ग्लास तसाच ठेवला.

चढाला दोघेही उतरून सायकली ढकलू लागले. ती पुढे, तो मागे. गुडघा आता सरळ होतच नव्हता. माथ्यावर ती थांबली.

“काका, कुठं?”

खोटी जागा दाखवावी असं क्षणभर मनात आलं... त्याने हात केला. ती कठड्याशी गेली, हाताने दगड झाडला आणि बसली. खालच्या शेतांकडे बघत राहिली. तो सायकल धरून उभाच.

“एक विचारू? आईला सांगायचं नाही.”

“विचार.”

“मी क्लासला निघाले ना, तरी बाबा दारातून दोनदा हाक मारायचे. रुमाल घेतला का, पास घेतला का. कुणाला सुखानं जाऊ दिलं नाही त्यांनी कधी. तू हो पुढं, असं म्हणतील ते? मला पटत नाही. वर्ष झालं, मी रोज म्हणून बघते त्यांच्या आवाजात. येतच नाही तो आवाज.”

एक ट्रॅक्टर घोगरत वर आला, गेला. तो गेला तशी न बोलायची सबबही गेली.

“नाही म्हणाला,” झुंबर म्हणाला. “काहीच नाही म्हणाला. हात वर केला होता त्यानं.”

“थांब म्हणून?”

“थांब म्हणून.”

ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. “मग थांबला का नाहीत?”

आता. आता सांग — की मी इथेच उभा होतो, एक पाय जमिनीवर टेकून, पंधरा पावलांवर. की खालून महेशच्या आरोळ्या येत होत्या, आणि बारा वर्षांत एकही उतार मी सगळ्यांबरोबर उतरलो नव्हतो, दर वेळी तुझा बाप आणि त्याची चेन आणि त्याची तंबाखू... की त्याचा हात मला दिसला, नीट दिसला, आणि मनात आलं, मळत बस लेका, आज नाही. की मी पाय उचलला. की खाली पोचेपर्यंत मी ओरडत होतो, शाळेतल्या पोरासारखा, आणि इतकं सुख मला लग्नातही झालं नव्हतं.

“मी... उताराला लागलो होतो गं.”

तिने त्याच्याकडे पाहिलं. खूप वेळ नाही.

“मग कसं थांबणार,” ती हळू म्हणाली. “उतारावर कुणाला थांबता येतं?” उठून तिने त्याच्या दंडाला हात लावला. “वर्षभर मनात ठेवलंत, काका. आईचं राहू दे तसंच. तिला त्याचाच आधार आहे.”

झालं. मिळाली क्षमा. हक्काची नव्हती तीही मिळाली, आणि परत करायची सोय राहिली नाही. उद्या, सुरतेला, परतल्यावर, कधीही तोंड उघडायचं तर आधी हा दंडावरचा हात खोटा ठरवावा लागेल. अर्धं सांगून त्याने उरलेलं अर्धं कायमचं गिळलं होतं, हे त्याला तिथल्या तिथे कळलं, आणि आश्चर्य म्हणजे भूक लागली.

“तुमचा गुडघा दुखतोय,” ती म्हणाली. “पंप द्या इकडं. मी राहते मागं.”

नको म्हणायला हवं होतं. तिने सुतळ्या सोडल्या, पंप आपल्या कॅरिअरला अडकवला. तो सीटवर बसला. समोर रस्ता वळत वळत खाली गेलेला, लांब देवळ्याकडची झाडी. दोन्ही ब्रेक त्याने करकचून धरले. असंच उतरायचं, चालल्यासारखं, शेवटपर्यंत — एवढं तर त्याच्या हातात होतं.

पहिलं वळण गेलं. मागे तिच्या सायकलीचा आवाज होता, मग वाऱ्यात तो ऐकू येईना. वारा आता तोंडावर नव्हता, डोंगराने अडवला होता. गुडघ्याला काही काम नव्हतं, तो दुखायचा थांबला. दुसऱ्या वळणाला अंगावरचा घाम गार झाला, आणि छातीत खालून काहीतरी वर येऊ लागलं. त्याने ते लगेच ओळखलं, मागच्या जानेवारीतली तीच आरोळी. नको, तो मोठ्याने म्हणाला, आज नको, लाज वाटू दे. लाज वाटतही होती, कानापर्यंत वाटत होती. पण बोटं एकेक करून ब्रेकवरून सुटत होती, आणि तो त्यांना अडवत नव्हता.