दाराजवळची एकटी सीट

मित्रांनो, आधीच सांगून ठेवते. मी जुनी आहे, माझं रेक्झिन फाटलेलं आहे आणि मी एकटी आहे. नाशिक दर्शनाच्या एका बसमध्ये, दारातून चढलं की लगेच, माझी जागा आहे. सीट नंबर तेहतीस. बाकीच्या बत्तीस सीटा जोडीजोडीने बसवलेल्या आहेत, त्यांना एकमेकींची सोबत आहे. माझ्या एका बाजूला खिडकी आणि दुसऱ्या बाजूला लोकांची जायची-यायची वाट.

माझा जन्मसुद्धा उरल्यासुरल्यातून झाला. बसची बॉडी बांधून झाली तेव्हा दाराजवळ हातभर जागा उरली होती. मालक म्हणाला, "जागा कशाला वाया घालवायची? टाका एक सीट." मग ओवेस नावाच्या कारागिराने उरलेल्या फोमचे तुकडे एकमेकांना चिकटवले आणि त्यावर तपकिरी रेक्झिन ताणलं. बाकी सगळ्या सीटा निळ्या, मी तेवढी तपकिरी. निळं रेक्झिन संपलं होतं हो! पण ओवेसचा हात चांगला होता, माझी शिवण अजून कुठेही उसवलेली नाही. रेक्झिन फाटलं ते एका प्रवाशाच्या छत्रीचं टोक घुसून. त्या गृहस्थाने इकडेतिकडे पाहिलं, फाटलेल्यावर रुमाल टाकला आणि खुशाल बसून राहिला.

गेली चौदा वर्षं आमचा दिनक्रम एकच आहे. सकाळी साडेसातला सीबीएस बसस्थानकाजवळून निघायचं. रामकुंड, कपालेश्वर, काळाराम, सीतागुंफा, मग तपोवन. जेवणं झाली की मुक्तिधामचं देऊळ आणि शेवटी पांडवलेणी. आणि गंमत बघा, इतक्या वर्षांत मी यातला एकही देव पाहिलेला नाही. जे काही ठाऊक आहे ते आमच्या गाइडच्या, म्हणजे ज्ञानेशच्या तोंडून ऐकलेलं. कपालेश्वराला महादेवासमोर नंदी नाही. सीतागुंफेत अंग चोरून, बसत बसत उतरावं लागतं. लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं ते तपोवनात, म्हणून गावाचं नाव नाशिक. एवढं सांगून झालं की ज्ञानेश म्हणतो, "तेव्हा मंडळी, आपापली नाकं सांभाळा!" लोक हसतात. मीही पहिली दोन वर्षं हसले.

प्रवासी देवळात गेले की गाडीत आम्ही दोघंच उरतो, मी आणि ड्रायव्हर शफीभाई. दारातून वारा येतो म्हणून ते माझ्यावर बसून डबा खातात. डबा उघडला की बायकोच्या नावाने स्वतःशीच म्हणतात, "गुलजारबीने आज पण भेंडीच दिली." खाऊन झालं की हाताने माझ्यावरचे कण झटकतात. मला कुणी मायेने हात लावला असेल तर तो एवढाच.

माझ्यावर कोण बसतं? जो एकटा येतो तो. आमच्या गाडीत एकटी माणसं फार कमी चढतात. नवरा-बायको येतात, भिशीच्या मैत्रिणी येतात, आख्खं कुटुंब येतं. कुणीच एकटं नसलं की माझ्यावर पिशव्या, पाण्याचे कॅन आणि प्रसादाचे पुडे रचतात. आणि कुणी एकटं आलंच तर दिवसभर त्याच्याशी कुणी दोन शब्द बोलत नाही. हे मी चौदा वर्षं बघते आहे आणि दरवेळी मला राग येतो. पण सीटच्या रागाला विचारतंय कोण!

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. यादी वाचताना ज्ञानेशने नाव घेतलं, "झुंबरबाई, मनमाड." एक साठीच्या बाई दारातून चढल्या आणि माझ्यावर बसल्या. बसल्या म्हणजे काय, अगदी कडेला टेकल्या, जागा दुसऱ्याची असल्यासारख्या. पिशवी माझ्याखाली सरकवली. ट्रॅव्हल्सवाले सगळ्यांना केशरी टोपी देतात, ती त्यांनी डोक्यावरच्या पदरावर घातली. मागच्या सीटवर इंदिरानगरच्या आशाताई आणि त्यांची दहा वर्षांची संध्या होती. झुंबरबाई वळून त्यांना म्हणाल्या, "तीस वरीस मनमाड टेसनात वेटिंग रूम झाडली मी. नाशिकची गाडी कुठं लागती ते हजारो लोकास्नी सांगितलं. स्वतः पहिल्यांदाच आले."

"हो का? छान," आशाताई म्हणाल्या.

रामकुंडाहून परत आल्यावर झुंबरबाईंनी डबा उघडून मायलेकींना शेंगदाण्याचे लाडू दिले. आशाताई म्हणाल्या, "मस्त झालेत हं," आणि पुन्हा फोनमध्ये शिरल्या. तेवढंच काय ते बोलणं. पण झुंबरबाई खुशीत होत्या. काळारामाचं दर्शन घेऊन आल्या तेव्हा त्या माझ्यावर पहिल्यांदाच नीट, पाठ टेकून बसल्या. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

तपोवनात ज्ञानेशने अर्धा तास दिला. सगळे नद्यांच्या संगमाकडे गेले. आमच्या शेजारी आमच्याच ट्रॅव्हल्सची दुसरी बस उभी होती, तीच पांढरी गाडी, तीच नावाची पट्टी, तिच्यातल्या लोकांनाही तीच केशरी टोपी. अर्धा तास होत आला तसे लोक परतू लागले. माझ्यावर कुणीतरी धपकन बसलं. मी दचकलेच. हे वजन झुंबरबाईंचं नव्हतं! एक आजोबा होते. कानावरून उपरणं गुंडाळलेलं, वर टोपी. बसल्या बसल्या त्यांनी मान खिडकीला टेकवली आणि घोरायला लागले.

आता ज्ञानेशची मोजायची पद्धत ऐका. तो मागून पुढे येतो आणि प्रत्येक जोडीमागे सीटच्या पाठीवर थाप मारत मोजतो, "दोन, चार, सहा, आठ..." बत्तीसपर्यंत येतो आणि माझ्याजवळ आला की "आणि तेहतीस" म्हणून दरवाजा ओढतो. त्या दिवशीही त्याने तसंच केलं. मागून त्याला टोपी दिसली, टोपीखाली कापड दिसलं. "आणि तेहतीस. चला शफीभाई!"

अहो, मी ओरडले असते! थांबा, हे दुसरेच कुणी आहेत, ती अजून आलेली नाही! तिची पिशवी माझ्या पायांशी आहे! पण मला तोंड कुठे आहे? गाडी निघाली. तोंड असलेली बत्तीस माणसं गाडीत होती, त्यातलं एकही बोललं नाही.

द्वारका नावाच्या चौकात वाहतूक तुंबली होती. तिथे आजोबांच्या बंडीत फोन थरथरायला लागला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. माझा फोमसुद्धा थरथरला. शेवटी आजोबा जागे झाले.

"बाबा, कुठे आहात तुम्ही?" फोनमधला आवाज आख्ख्या गाडीला ऐकू आला. "सगळं तपोवन पालथं घातलं आम्ही! आई रडतीये!"

आजोबांनी आजूबाजूला पाहिलं आणि ते गोंधळून गेले. "मी तर गाडीतच हाय की रं," ते म्हणाले.

मग काय, एकच गडबड उडाली. कुणी त्यांना पाणी दिलं, कुणी पंख्यासारखी वही हलवली, कुणी नाव विचारलं. त्यांचं नाव सहादू. शफीभाईंनी गाडी कडेला घेतली. वीस मिनिटांत त्यांचा मुलगा रिक्षाने आला आणि बापाचा हात घट्ट धरून त्यांना घेऊन गेला. सगळ्यांनी हात हलवून निरोप दिला. छान झालं, मलाही आनंद झाला. पण मित्रांनो, मी तेव्हा रिकामी होते आणि ते अजून कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

ज्ञानेशने पुन्हा मोजलं. बत्तीसवर येऊन तो थांबला. त्याचं तोंड एकदम उतरलं. "इथे कोण होतं?" त्याने विचारलं.

"एक बाई होत्या," कुणीतरी म्हणालं.

"साडी कोणत्या रंगाची?"

हिरवी, म्हणाले एक. दुसरे म्हणाले जांभळी. आशाताईंनी आठवून आठवून पाहिलं. सकाळपासून त्या बाई हातभर अंतरावर बसल्या होत्या, आणि आशाताईंना त्यांचं नावसुद्धा सांगता येईना. ज्ञानेशने यादीत बघून फोन लावला. फोन माझ्याखाली, पिशवीत वाजला. वाजत राहिला.

"त्या येतील की रिक्षाने," ललित नावाचा एक तरुण मागून म्हणाला. "एका माणसासाठी बाकीच्यांनी का खोळंबायचं? पांडवलेणी बंद होतील."

"कुठे येतील?" ज्ञानेश म्हणाला. "त्यांना पुढचं ठिकाण माहीत नाही, फोन नाही, पैशांची पिशवी इथे आहे."

"ज्ञानेशभाऊ, मी गाडी फिरवतोय," शफीभाई म्हणाले. "कुणाला उतरायचं असेल त्यांनी उतरा." कुणी उतरलं नाही. ललितही नाही.

त्याच कोंडीतून परत पोचायला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते विचारू नका. ती घाबरून कुठे निघून गेली असेल तर? कुणाला विचारत असेल? रडत असेल?

झुंबरबाई कुठेच गेल्या नव्हत्या. आमची बस जिथे उभी होती, बरोबर त्याच जागी, उन्हात जमिनीवर बसल्या होत्या. शेजारचा नारळवाला सांगत होता, "तीन वेळा म्हटलं सावलीत या, ऐकतच नाहीत."

"चुकलेल्या माणसानं जागा सोडायची नसती," झुंबरबाई म्हणाल्या. "टेसनात लय बघितलंय मी. जो शोधत हिंडतो तो गावत नाय."

ज्ञानेशने हात जोडले. "मावशी, चूक झाली माझी. मोजताना..."

"नाय रे बाबा. मलाच उशीर झाला. पाण्यात पाय सोडून बसले व्हते, उठावंच वाटंना." मग त्या हळूच म्हणाल्या, "मला वाटलं, मुद्दाम सोडलं. म्हातारी लय हळू चालती म्हणून."

ज्ञानेशने त्यांना हात देऊन गाडीत चढवलं. मी वाटच पाहत होते. त्या माझ्याकडे वळल्या, एवढ्यात आशाताई उठून उभ्या राहिल्या.

"मावशी, तिकडे नका बसू. इथे या आमच्यात. संध्या, सरक गं आत."

"अवं, तुम्हास्नी अडचण व्हईल."

"होऊ दे अडचण. आणि मावशी, मला आधी तुमचं नाव सांगा."

शफीभाईंनी आरशात पाहिलं. दोन जणींच्या सीटवर तिघी दाटीवाटीने बसल्या होत्या. ते म्हणाले, "ताई, पुढची सीट रिकामी आहे की."

"असू द्या रिकामी," आशाताई म्हणाल्या.

खरं सांगू? मला वाईट वाटलं. डोळे असते तर भरून आले असते. सगळा वेळ जिची काळजी केली ती परत आली आणि माझ्यापासून हातभर लांब बसली. मुक्तिधाम येईपर्यंत मी फुरंगटून होते. पण मागून हसण्याचे आवाज यायला लागले. झुंबरबाई संध्याला मनमाडच्या गाड्यांच्या घोषणा जशाच्या तशा म्हणून दाखवत होत्या आणि पोरगी पोट धरून हसत होती. सकाळपासून त्या माझ्यावर बसून होत्या, तेव्हा त्यांचा हा आवाज मी ऐकलाच नव्हता.

मित्रांनो, मला नवीन रेक्झिन नको, नवीन फोमही नको. फाटलेली आहे, चालेल. फक्त तुम्ही कधी आमच्या गाडीत आलात आणि माझ्यावर कुणी एकटं बसलेलं दिसलं, तर त्याला नाव विचारा. थोडे सरका आणि आपल्यात बोलवा. मग शेवटच्या थांब्यापर्यंत मी रिकामी गेले तरी माझी काही तक्रार नाही.